नावं ठाऊक नसलेल्यांचे आभार

लेकीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचं कळलं तेव्हा मी बँकेत शाखाधिकारी होते, मार्च तोंडावर होता. उपचार दोन-अडीच वर्षं चालणार होते. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं.

परळच्या रुग्णालयात लेकीसाठी प्लेटलेट्स द्यायला आलेला तो मुलगा मला अजून दिसतो. प्लेटलेट्स साधारण 5 दिवसच टिकतात, फार आधी साठवून ठेवता येत नाहीत. ऐनवेळी माणूसच लागतो. कॉलेजातून तो थेट आला, यंत्राला नळी जोडून दीड तास पडून राहिला, आणि मी चहा आणायला खाली गेले तेवढ्यात निघूनही गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सकाळच्या लोकलमधल्या बायांनो, काही न विचारता तुम्ही मला खिडकी द्यायचात. तेवढीच माझी झोप.

31 मार्चच्या रात्री तिला ताप चढला. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला की तासभरही थांबायचं नसतं. बँकेचं वर्षअखेरचं क्लोजिंग अर्धवट टाकून मी धावले. सकाळी सगळे आकडे जुळलेले होते. कुणी जुळवले, आजवर एकानंही सांगितलेलं नाही.

लेक आता सातवीत आहे, दोन वेण्या घालते. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर घरी जेवायला या. तिला तुम्हाला पाहायचंय.