सलग दोन रात्री एकच गोली (गोलरक्षक) नको

संपादक साहेब,

आइस हॉकीच्या प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) सलग दोन रात्री मॅच क्वचित येते, पण आली की एकाच गोलीला उभं करायचा कोचेसचा हट्ट मला अजिबात पटत नाही. थकलेला गोली पहिला शॉट अडवतो हो, पण गुडघ्यावरून उठून पोस्टकडे सरकायला क्षणभर उशीर होतो आणि रिबाउंड (अडवल्यावर परत उसळलेला पक) आत, त्यात आदल्या रात्री ओव्हरटाइम लांबला असेल तर बघायलाच नको. २०२२-२३ च्या एनएचएल (उत्तर अमेरिकेची हॉकी लीग) हंगामात बोस्टनने उलमार्क-स्वेमन या दोन गोलींना आलटून पालटून खेळवत विक्रमी ६५ मॅच जिंकल्या, मग प्लेऑफमध्ये सलग सहा मॅच उलमार्कच, सातव्याला एकदम स्वेमन, आणि फ्लोरिडाने पहिल्याच फेरीत बाहेर काढलं. दुसऱ्या गोलीवर भरवसा आधीपासून दाखवा ना!

एक हॉकीप्रेमी वाचक