मधली भिंत पाडण्यापूर्वी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईला वॉकर घेऊन स्वयंपाकघरात सहज जाता यावे, म्हणून हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडण्याचा विचार असल्याचे बाबांनी फोनवर सांगितले. हेतू योग्यच आहे. परंतु स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहून लेखी दिल्याशिवाय त्या भिंतीला छिन्नीसुद्धा लावू देऊ नका.

ठेकेदाराने भिंत वाजवून ती नुसती पार्टिशनची असल्याचे सांगितले, ते मला पटलेले नाही. वाजवून पाहिल्याने भिंत भरीव की पोकळ ते कळते, तिच्यावर काय टेकले आहे ते कळत नाही. नव्या इमारतींत भार कॉलम-बीमवर असतो आणि मधल्या भिंती बहुधा नंतर भरलेल्या असतात, त्या सवयीने तो बोलला असावा. आपल्या सहकारनगरच्या १९७४ च्या बंगल्यात कॉलम नाहीतच. स्लॅब थेट विटांच्या भिंतींवर आहे. दिवाळीत दाराच्या चौकटीपाशी मी मोजली तेव्हा ही भिंत गिलाव्यासकट सव्वादहा इंच भरली, म्हणजे मूळ ९ इंची. शिवाय वरच्या मजल्यावर बरोबर तिच्याच डोक्यावर बाबांच्या खोलीची भिंत उभी आहे. (केवळ जाडीवर मात्र विसंबू नये, जुन्या घरांत साडेचार इंची भिंतीवरही स्लॅब टेकलेला सापडतो.)

मला खरी काळजी स्लॅबच्या आतल्या लोखंडाची वाटते. हॉल आणि स्वयंपाकघर ११-११ फूट रुंद आहेत आणि स्लॅब मधल्या भिंतीवरून सलग गेलेला दिसतो. असा स्लॅब खोल्यांच्या मध्यभागी खालच्या अंगाने ताणला जातो, तर भिंतीच्या माथ्यावर वरच्या अंगाने, त्यामुळे तिथे सळ्या वर घेतलेल्या असतात. भिंत काढली की त्याच जागी ताण खाली येतो, जिथे पुरेसे लोखंड नसते. आणि आधारांमधले अंतर ११ चे २२ फूट झाले की स्लॅबला वाकवणारा जोर दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होतो. त्यात वरच्या भिंतीचे ओझे वेगळेच: १० फूट लांब आणि तितकीच उंच ९ इंची भिंत ४ टनांच्या आसपास भरते. बाहेरच्या लांब भिंतींना भूकंपाच्या आडव्या धक्क्यात धरून ठेवण्याचे कामही अशाच मधल्या भिंती करतात. १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यातही जाणवला होता, हे बाबांना आठवत असेल.

वॉकरसाठी अख्खी भिंत काढण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सध्याचे दार अडीच फुटांचे आहे. ते साडेतीन फुटांचे केले तरी पुढे व्हीलचेअरसुद्धा जाईल. त्यालाही इंजिनिअरचे ड्रॉइंग, दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू आणि नवे, पुरेसे लांब लिंटेल (दारावरची आडवी तुळई) हवेच. पूर्ण भिंत काढायची झाल्यास लोखंडी गर्डर टाकावा लागेल, आणि आज भिंतभर पसरलेला भार दोन टोकांवर येणार असल्याने तिथला पायाही तपासावा लागेल. महापालिकेच्या परवानगीचेही इंजिनिअरलाच विचारू.

बाबा, कपाटातल्या मंजूर नकाशाचे आणि वरच्या खोलीचे फोटो मला पाठवा. ठेकेदाराला थांबवणे अवघड वाटत असेल तर मी स्वतः त्याच्याशी बोलते. न्हाणीघरात आईला धरायच्या दांड्या मात्र त्याच्याकडून या आठवड्यातच बसवून घ्या. त्यासाठी थांबायचे कारण नाही.

तुमची,
लेक