पोर्शे ९११ आणि ट्यूफची तपासणी

संपादक महोदय,

सुपरकार म्हणजे सारखी गॅरेजात पडून असणारी गाडी असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, पण जर्मनीत ट्यूफ या गाड्यांची सक्तीची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टमध्ये पोर्शे ९११ वर्षानुवर्षं कमीत कमी दोष निघणाऱ्या गाड्यांत येतेय, जुन्या गाड्यांच्या गटातसुद्धा. तिथे नवी गाडी ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी तपासतात, ब्रेक, लाइट, टायर, सस्पेन्शन, खालून गंज, ऑइल गळती सगळं बघतात. फक्त एक आहे, ही गाडी रोज ऑफिसला नेणारे कमी, रनिंग कमी पडतं आणि मालक सर्व्हिसिंग चुकवत नाहीत, शिवाय या तपासणीत इंजिन-गिअरबॉक्स कोणी उघडून बघत नाही. त्यामुळे सेकंडहँड घेणाऱ्यांनी नुसत्या पास सर्टिफिकेटवर जाऊ नये, सर्व्हिस हिस्टरी मागावीच.

– एक वाचक, पुणे