ओझोन लावा, पण पावसाळा ओळखून

महोदय,

प्रवाळांच्या टाकीतले पिवळट पाणी नितळ व्हावे म्हणून घरोघरचे हौशी ओझोनायझर (हवेपासून ओझोन वायू बनवणारे यंत्र) जोडतात. काही जण तर चक्क भाज्या धुण्याचा! तो ताशी 400 मिलिग्रॅमच्या आसपासचा असतो. टाकीला दर 100 लिटरमागे ताशी 5 ते 10 मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे 300 लिटरला फार तर 30. सुरुवात त्याच्याही निम्म्याने करावी.

मुंबईत खरा घोळ होतो तो दमट हवेमुळे. ओलसर हवेत ओझोन कमी तयार होतो आणि यंत्राच्या आत नायट्रिक आम्ल साचते. पाणी नितळत नाही म्हणून जुलैत बटण वाढवले जाते. पुढे कोरडी सिलिका जेल (हवेतला ओलावा शोषणारे दाणे) घातली की त्याच बटणावर ओझोन भसाभस येतो आणि मासे धापा टाकू लागतात. एअर पंप आणि ओझोनायझरच्या मधे सिलिका जेलची नळी बारमाही हवी. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास भाजावेत. ते परत घालण्याआधी बटण खाली आणावे.

ओझोन प्रोटीन स्किमरमध्ये (फेसातून पाण्यातली घाण काढणारे उपकरण) किंवा बंद रिअॅक्टरमध्येच (ओझोन पाण्यात मिसळण्याचे भांडे) सोडावा, एअरस्टोनने (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) थेट टाकीत कधीही नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. ओझोन त्यापासून हायपोब्रोमाइट बनवतो. ओझोन स्वतः लवकर विरतो, हे मात्र मागे उरते आणि कल्ल्यांना इजा करते. म्हणून स्किमरमधून परतणारे पाणी अॅक्टिव्हेटेड कार्बनवरूनच (शोषक कोळसा) टाकीत यावे. कार्बननंतरचे पाणी एकूण क्लोरीनच्या डीपीडी किटने (रंग बदलून दाखवणारी चाचणी; हायपोब्रोमाइटही तिच्यात दिसते) तपासावे. गुलाबी छटा दिसली की ओझोन बंद करून कार्बन बदलावा.

स्किमरच्या झाकणातून सुटणाऱ्या हवेलाही कार्बन लागतो, हे बहुतेक जण विसरतात. एसी लावून दारे-खिडक्या बंद केलेल्या हॉलमध्ये ओझोन साचतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी हवेच्या दशलक्ष भागांत 0.1 भाग ही मर्यादा धरतात. झेरॉक्स मशीनजवळ येतो तसा उग्र वास आला की यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्यात. नाक त्या वासाला सरावते, त्यामुळे 'आता येत नाही' यावर विसंबू नये. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ओझोनच्या वाटेला न गेलेले बरे.

ओआरपी कंट्रोलर (पाण्याची ऑक्सिडीकरण क्षमता मोजून ओझोन चालू-बंद करणारे उपकरण) 350 मिलिव्होल्टच्या आसपास ठेवावा, 375 ला पुरवठा तुटला पाहिजे. त्याच्या पाण्यात बुडवलेल्या प्रोबवर शेवाळ चढले की आकडा खोटा, बहुधा कमी दिसतो आणि कंट्रोलर ओझोन ओततच राहतो. त्यासाठीच मुळात यंत्र लहान घ्यावे. कंट्रोलर अडकला तरी टाकी वाचेल.

ओझोनायझर आणि स्किमरचा पंप एकाच स्विचवर असावेत. यंत्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवून मधे चेक व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर खारे पाणी उलटे यंत्रात शिरते. नळी सिलिकॉनची घ्यावी, साधे रबर तडकते.

विक्रेत्यांनी निदान ताशी मिलिग्रॅमचा आकडा खोक्यावर मराठीत छापावा, आणि कार्बनशिवाय ओझोनायझर विकू नये.

– एक मत्स्यप्रेमी वाचक, मुलुंड, मुंबई