पाइपांच्या तपासणीची यादी कोण तपासतं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या खान्देशात पेपरला दीपनगरच्या वीज केंद्राचा कुठला संच चालू नि कुठला बंद एवढंच येतं, आणि ओव्हरहॉल (संच बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती) लांबलं की लगेच ओरड होते. मी वेगवेगळ्या पॉवर प्लांटला फिटिंग आणि लॅगिंगची (पाइपावरच्या उष्णता अडवणाऱ्या आवरणाची) कामं केलीत म्हणून सांगतो, ते बंदचे दिवस कापायला लावू नका. लॅगिंग काढून पाइप उघडा बघायला मिळतो तो तेव्हाच.

500 मेगावॅटच्या संचात मेन स्टीमची, म्हणजे बॉयलरमधून टर्बाइनला जाणारी, वाफ साधारण 540 डिग्री आणि दर चौरस सेंटिमीटरला 170 किलो प्रेशरच्या आसपास असते. एवढ्या तापमानात स्टील वर्षानुवर्षं आतल्या आत ताणत जातं, बाहेरून काही कळत नाही, म्हणून वेल्डिंगशेजारची जागा पॉलिश करून रेप्लिका, म्हणजे पृष्ठभागाचा ठसा, घेतात आणि मायक्रोस्कोपखाली बारीक पोकळ्या शोधतात. 1 लाख तास चालल्यावर ही उरलेल्या आयुष्याची तपासणी आयबीआर म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांप्रमाणे करावीच लागते. हे होतं, कारण मेन स्टीमला सगळेच घाबरतात.

माझी काळजी आहे ती पाण्याच्या लाइनींची. फीड वॉटर म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, आणि कंडेन्सेट म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी. तिथं एल्बोला (वळणाला), टीला (फाट्याला), ऑरिफिसच्या (प्रवाह मोजायच्या भोकाच्या प्लेटच्या) पुढं गरम पाणी भिंत आतून झिजवत राहतं आणि वरून लॅगिंग एकदम चकाचक. जपानच्या मिहामा अणुवीज प्लांटला 9 ऑगस्ट 2004 ला अशीच कंडेन्सेटची लाइन फुटली, पाणी फक्त 140 डिग्रीचं, 5 कामगार गेले. मूळ जाडी 10 मिलिमीटर, सगळ्यात पातळ जागी उरली होती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. 1976 ला प्लांट चालू झाल्यापासून ती जागा कुणी मोजलीच नव्हती, कारण तपासणीच्या यादीतच ती नव्हती!

तसंच हँगरचं, म्हणजे पाइप टांगून धरणाऱ्या आधारांचं. प्लेटवर गरम आणि थंड अशा दोन खुणा असतात, काटा कुठं आहे ते खाली उभं राहून नुसतं बघायचं. एका प्लांटला रंगकामवाल्यांनी अख्खी प्लेट काट्यासकट रंगवून टाकलेली मी बघितली, काटा जाम, आणि रजिस्टरला दर वेळी तेच रीडिंग. हँगरनं वजन उचललं नाही की ते सगळं वेल्डिंगवर येतं, मग पाइप कितीही भारी स्टीलचा असू दे.

म्हणून विनंती आहे की दर ओव्हरहॉलच्या आधी यादी ड्रॉइंगशी लावून बघावी आणि सोबत जुने फिटर घ्यावेत, कुठल्या बेंडला पूर्वी पॅच मारलाय ते त्यांनाच माहीत असतं. जाडी दर वेळी त्याच खुणेवर मोजावी, नाहीतर झीज किती झाली ते कळणार कसं. आणि कंत्राटावरची आपली पोरं त्याच पाइपाखालून रोज जातात, त्यांनाही ते आकडे सांगावेत. तुमच्या बातमीदारांनीही संच कधी सुरू होणार याच्यासोबत किती बेंड मोजले आणि किती बदलले हेही विचारावं.

– एक जुना फिटर, भुसावळ