दुर्बिणीची हत्यारं उकलायला शिकवणाऱ्या भाऊंना जाहीर आभारपत्र

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलच्या सीएसएसडीतून, म्हणजे हत्यारं जंतुमुक्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झाल्यावर तुम्ही निवांत घरी बसू शकला असता. त्याऐवजी नागपुरातल्या धंतोली, रामदासपेठ, सक्करदऱ्यातल्या लहान लहान नर्सिंग होमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) भर दुपारी येऊन तुम्ही आम्हा सिस्टर आणि टेक्निशियन मंडळींना लॅपचा (दुर्बिणीच्या ऑपरेशनचा) सेट उकलायला, धुवायला, बांधायला आणि ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राला) लावायला शिकवलंत, तेही एक रुपया न घेता. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं विदर्भातल्या इतर गावांच्या ओटीतही पोचावं असं आम्हाला वाटतं.

तुम्ही सुरुवात केलीत ती नाभीच्या पोर्टपासून, म्हणजे दुर्बीण आत घालायच्या छिद्रापासून. पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन नीट होतं, टाके सुकतात, पेशंट भंडाऱ्याला नाहीतर बालाघाटला घरी जातो. महिनाभराने नाभीपाशी गाठ येते आणि पातळ पू झिरपायला लागतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अशा वेळी मायकोबॅक्टेरियम चेलोनी, फॉर्च्युइटम, ॲब्सेसस या जंतूंचा संशय घ्यायचा, हे तुम्ही सांगितलंत. हे क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद, पण राहतात मातीत आणि नळाच्या पाण्यात, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात. टीबी समजून औषधं सुरू केली तर ती बहुधा लागू पडत नाहीत. कल्चरचा रिपोर्ट बघून क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिनसारखी औषधं महिनोन् महिने द्यावी लागतात, कधी पोर्टचा सगळा मार्गच कापून काढावा लागतो. म्हणून पू पाठवताना चिठ्ठीवर ‘एएफबी कल्चर’ (क्षयाच्या गटातल्या जंतूंची तपासणी) असं स्पष्ट लिहा, हा तुमचा आग्रह. साध्या कल्चरची प्लेट दोन दिवसांत टाकून देतात, आणि या जंतूंना उगवायला आठवडा लागू शकतो.

आणि हे जंतू पोटात पोचतात कसे, तर ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाच्या ट्रेमधून. दोन केसच्या मध्ये २० मिनिटं सेट बुडवायचा, नळाच्या किंवा उकळलेल्या पाण्याने धुवायचा आणि टेबलावर घ्यायचा, ही पद्धत इतकी रुळलेली की तिच्यावर कुणी शंकाच घेत नव्हतं. तुम्ही मुद्दा सोपा करून सांगितलात. २ टक्के द्रावणात २० मिनिटांत होतं ते फक्त हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन, पूर्ण निर्जंतुकीकरण नव्हे. स्पोअर, म्हणजे जंतूंची चिवट बीजं, मरायला १० तास लागतात. या मायकोबॅक्टेरियाच्या काही जाती त्या द्रावणालाही दाद देत नाहीत. वर शेवटचं पाणी निर्जंतुक नसेल तर केलेलं सगळं त्या पाण्यातच गेलं. पोटात शिरणारं हत्यार स्टराइलच, म्हणजे पूर्ण निर्जंतुक, हवं; त्यात मधला मार्ग नाही.

तुमची खरी शिकवण मात्र ऑटोक्लेव्हच्या आधीची. ग्रास्परचे (पकडायच्या लांब चिमट्याचे) तीन भाग होतात, हँडल, बाहेरची नळी आणि आतला इन्सर्ट, आणि ते प्रत्येक केसनंतर वेगळे झालेच पाहिजेत. ट्रोकारचा (पोर्टमध्ये बसवायच्या नळीचा) व्हॉल्व्ह, वॉशर, स्टॉपकॉक, व्हेरेस सुईची (पोटात गॅस भरायच्या सुईची) आतली स्प्रिंगची काडी, सगळं सुटं. न उकललेल्या नळीत रक्त आणि चरबी वाळून बसते आणि त्या थराखाली वाफ पोचत नाही. काम टेबलावरच सुरू करायचं: ऑपरेशन चालू असतानाच स्टराइल पाण्यात भिजवलेल्या गॉजने टोकं पुसायची, सक्शन कॅन्युलातून पाणी ओढून घ्यायचं. सलाइनमध्ये हत्यारं ठेवायची नाहीत. क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि पुढे घाण तिथेच दडून बसते. हायपोक्लोराइटही याच कारणाने नको.

एन्झाइमचं (रक्त-चरबी सोडवणारं) द्रावण लेबलावरच्या मापाने, मोजपात्राने, कोमट पाण्यात. पाणी ४५ अंशांच्या वर गेलं की रक्तातलं प्रथिन गोठून धातूला चिकटतं. मे महिन्यात नागपुरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी उघड्या नळालाच कढत येतं, म्हणून तुम्ही सिंकजवळ थर्मामीटर टांगायला लावलात. नळी पाण्यात तिरपी धरून सिरिंजने द्रावण आत सोडायचं, बुडबुडे थांबेपर्यंत, कारण आत हवा अडकली तर एन्झाइम लागतच नाही. ब्रश नळीच्या मापाचा आणि नळीपेक्षा लांब हवा. तो पाण्याखालीच फिरवायचा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचा, तिथे धुवायचा आणि मगच मागे ओढायचा. द्रावण एका सेटपुरतंच. शेवटचं पाणी आरओचं, कारण बोअरच्या जड पाण्याने हत्यारांवर पांढरे डाग पडतात आणि सांधे धरतात. मग नळीतून दाबाची हवा सोडून कोरडं करायचं. तुमची ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची परीक्षा आता प्रत्येक ओटीत चालते: जबड्याच्या सांध्यावर एक थेंब टाकायचा, फेस आला की रक्त शिल्लक आहे, पुन्हा सिंककडे. फेस नाही आला, तर थेंब धुऊन, सांधा कोरडा करून पुढे. जोडीला भिंगाखाली हत्यारावरचं काळं इन्सुलेशन (वीज बाहेर जाऊ न देणारं आवरण) तपासायचं, चिरलेलं असेल तर हत्यार बाजूला.

उभ्या ऑटोक्लेव्हबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. काटा १५ पौंडांवर आहे म्हणजे आत १२१ अंश आहेत असं नाही. निम्मी हवा आतच राहिली असेल तर त्याच १५ पौंडांवर तापमान ११२ च्या आसपासच असतं. म्हणून व्हॉल्व्हमधून वाफेचा सलग झोत येईपर्यंत हवा जाऊ द्यायची, मग बंद करायचं, आणि वेळ मोजायची ती तापमान गाठल्यावर. आणि हवा अशी बाहेर घालवली तरी लांब, बारीक नळ्यांमधली हवा त्या यंत्रात खात्रीने निघत नाही. लॅपच्या सेटला प्री-व्हॅक्युमचंच, म्हणजे आधी पंपाने हवा ओढून घेणारं, यंत्र हवं: १३४ अंश, साधारण ४ मिनिटं, आणि नंतर पूर्ण ड्राइंग. ते नसेल तर ज्यांच्याकडे आहे तिथून सेट करून आणावा, हे तुम्ही मालक डॉक्टरांना तोंडावर सांगितलंत. आमच्यापैकी कुणाला ते इतक्या ठामपणे सांगणं अवघड होतं, त्यासाठी वेगळे आभार.

सकाळी पहिल्यांदा रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक, म्हणजे हवा पूर्ण निघते का याची कागदाची चाचणी. कागदाचा रंग मधोमध फिका राहिला तर हवा निघालेली नाही, त्या दिवशी यंत्र बंद. पॅकवरची टेप काळी पडली याचा अर्थ पॅकला उष्णता लागली एवढाच. आत इंडिकेटर (वाफ आत पोचली का हे रंगाने दाखवणारी पट्टी) हवा, तोही पॅकच्या मध्यात. आठवड्यातून एकदा आणि इम्प्लांटच्या प्रत्येक लोडला स्पोअरची व्हायल (स्पोअर खरंच मरतात का हे बघायची चाचणीची कुपी), सोबत एक न वाफवलेली व्हायल, जी उगवलीच पाहिजे; ती उगवली नाही तर टेस्टच बाद. चेंबर तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरायचं नाही, पॅक उभे लावायचे, जबडे आणि कुलपं उघडी ठेवायची. मध्येच लाइट गेली तर सायकल पहिल्यापासून, उरलेली मिनिटं जोडायची नाहीत. गरम पॅक थंड कडप्प्यावर ठेवला की खाली पाणी सुटतं, आणि ओल्या कापडातून जंतू आत ओढले जातात. ओला पॅक म्हणजे न केलेला पॅक. टेलिस्कोपवर ऑटोक्लेव्हेबल अशी खूण असेल तरच लावायचा, आणि तो आपोआप निवू द्यायचा. गार पाण्यात घातला की लेन्सचं सील जातं.

उन्हाळ्याचा प्रश्न तुमच्याइतका कुणी ओळखला नव्हता. मार्च संपता संपता कूलर लागतात आणि पॅकिंगच्या खोलीतही एक येतोच. त्याची दमट हवा लिननमध्ये शिरते, आणि जुन्या खसवरच्या बुरशीचे कण सगळीकडे उडतात. तुम्ही ते कूलर काढायला लावलेत, त्या खोलीला एसी आणि बंद कपाट मिळवून दिलंत, आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली ठेवायला शिकवलंत.

हे सगळं टिकलं ते तुमच्या हिशोबामुळे. धुणं अर्धा तास, सायकल आणि ड्राइंग मिळून तासभर, निवायला आणखी वेळ. एका सेटवर दिवसाला चार केस बसतच नाहीत. म्हणून लोक बुडवतात. तुम्ही दोष कुणाला दिला नाहीत, कागद घेऊन यादी मांडलीत: दोन लॅपच्या मध्ये हर्निया किंवा सिझर, कॅमेरा एकच, स्टराइल कव्हरमध्ये, आणि नवा खर्च फक्त जास्तीचे ट्रोकार, हँड इन्स्ट्रुमेंट्स आणि टेलिस्कोप एवढाच. डॉक्टरांना पटलं ते या कागदामुळे.

आता एक मागणं. ज्यांचे टेलिस्कोप वाफेत जात नाहीत ते ईटीओकडे (इथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक करण्याकडे) वळताहेत, आणि प्लास्टिक व रबरातला गॅस निघून जायला किती तास एअरेशन लागतं याबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ आहे. पीव्हीसीला ५० अंशांवर १२ तास, हे तुम्ही एकदा ओझरतं बोलला होतात. त्यावर एक दुपार द्या. चंद्रपूर आणि गडचिरोलीहूनही सिस्टर येतो म्हणताहेत. जागा आणि चहा आमच्याकडे. ब्रश आणि उकललेला सेट तुम्ही आणाच.

आपल्या कृतज्ञ,
ओटी सिस्टर आणि टेक्निशियन मंडळी,
नागपूर