महिन्यातले किती दिवस?

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

माझा रक्तदाब मोजता मोजता आपण विचारलेत, ‘पोट फुगते म्हणता, पण महिन्यातले किती दिवस?’ मला उत्तर देता आले नाही. तीन महिने मी आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होते. चार घास खाल्ले की पोट गच्च होत होते, कपडे कमरेला आवळत होते, रात्री लघवीसाठी दोनतीनदा उठावे लागत होते. परंतु या साऱ्या तक्रारी मी वेगवेगळ्या मानत होते आणि वय, वजन, जागरण, अवेळचे जेवण असे प्रत्येकीचे कारणही ठरवून बसले होते. त्यांचे मूळ एकच असू शकेल, हे मला प्रथम आपण सांगितलेत.

आपण मला कॅलेंडरवर खुणा करायला लावल्यात. पोट फुगणे, लवकर पोट भरणे, पोटात किंवा ओटीपोटात दुखणे आणि लघवीची घाई किंवा वारंवार लघवी होणे, यांपैकी एखादी तक्रार वर्षभराच्या आतली असेल आणि महिन्यातून १२ पेक्षा अधिक वेळा होत असेल, तर अंडाशयाच्या कर्करोगासाठी तपासणी टाळू नये, असे आपण समजावलेत. त्याच वेळी, अशी लक्षणे असणाऱ्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो, हेही आपण आवर्जून सांगितलेत. त्या एका वाक्यामुळे मी घाबरून घरी बसले नाही. महिन्याच्या अखेरीस माझ्या पानावर १९ खुणा होत्या. ‘कधी कधी त्रास होतो’ असेच मी तोवर सर्वांना सांगत आले होते, आणि ते खोटे आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

पॅप चाचणी निर्दोष आल्यामुळे मी निश्चिंत होते. ती चाचणी गर्भाशयमुखासाठी असते, अंडाशयाविषयी तिच्यातून काही कळत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर आपल्याकडून कळावे, याची मला आजही खंत वाटते. लक्षणे नसलेल्या स्त्रियांची अंडाशयाच्या कर्करोगासाठी सरसकट तपासणी करून काही साधते का, हे ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर पाहिले गेले, पण मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ साली स्पष्ट झाले. म्हणूनच शरीर जे सांगते त्याची नोंद ठेवण्याला एवढे महत्त्व आहे, हे मला आता पटते.

आपण आत्याविषयीही विचारलेत. आईकडे कोणाला कर्करोग नव्हता, एवढेच मी तोवर सर्वत्र सांगत असे. आत्याचा स्तनाचा कर्करोग माझ्या लेखी वेगळा विषय होता. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांमधील दोष वडिलांकडूनही येतो आणि त्याने स्तन व अंडाशय या दोन्हींच्या कर्करोगाची शक्यता वाढते, हे ऐकल्यावर मी डॉक्टरांना सारे सांगितले.

अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या रक्तातील प्रथिनाची, म्हणजे सीए-१२५ ची, माझी चाचणी नेहमीच्या ३५ या मर्यादेच्या आत आली, तेव्हा घरात सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. आपण मात्र सोनोग्राफी होईपर्यंत थांबायला सांगितलेत, कारण सुरुवातीच्या अवस्थेत हा आकडा अनेकींमध्ये वाढलेला नसतो. आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे), फायब्रॉइड (गर्भाशयातील साध्या गाठी) किंवा नुसत्या पाळीनेही तो वाढू शकतो. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयाची गाठ दिसली. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात रोग त्या अंडाशयापुरताच होता.

सिस्टर, निदान डॉक्टरांनी केले, शस्त्रक्रिया त्यांनी केली, आणि त्यांची मी आजन्म ऋणी आहे. पण तिथपर्यंत मला आपण पोहोचवलेत, बाहेर रांग वाढत असताना माझ्यासाठी पाच मिनिटे अधिक देऊन. त्याबद्दल आपले मनापासून आभार. माझ्या धाकट्या बहिणीने जनुकीय सल्ल्यासाठी वेळ घेतली आहे. कॅलेंडरचे ते पान मी फाईलमध्ये जपून ठेवले आहे. पुढच्या तपासणीला येईन तेव्हा ते आपल्याला दाखवायचे आहे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण